बाहेरून हिरवं, आतून लाल



आज सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणानं करतो. येत्या डिसेंबरात सांगलीला माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा पाहिलेली बाई. आम्ही तिकिटं बघायला बसलो तेव्हा आमची लेक म्हणाली, "बाबा, माझं तिकीट काढू नका. मी विमानानं येणार नाही." ती सतरा वर्षांची आहे, ए-लेव्हल करते आणि शाळेच्या पर्यावरण गटात आहे. मला आधी वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल. तसं नव्हतं. तिनं लंडन ते मुंबई आणि परत या प्रवासाचा कार्बन काढून ठेवला होता. मोजायच्या पद्धतीनुसार एक ते दोन टन. "भारतातला माणूस सरासरी वर्षभरात दोन टनांच्या आसपास सोडतो," ती म्हणाली. "मी पंधरा दिवसांच्या पुरणपोळीसाठी तेवढा सोडू का?"

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, पोरगी शहाणी आहे. काही म्हणतील, डोक्यावर चढवून ठेवली आहे. त्या रात्री माझं मत दुसऱ्या बाजूचं होतं. आवाज चढला. बायकोनं दोघांनाही स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. आणि मग मी गेले दोन महिने या विषयावर वाचतोय, लेकीशी वाद घालतोय, काही वेळा जिंकतोय, काही वेळा हरतोय. त्याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या नकोत. पृथ्वी तापतेय का, माणसामुळे तापतेय का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. थर्मामीटरशी भांडण करण्यात अर्थ नाही. २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष होतं. माझी शंका पुढच्या पायरीवर आहे. डॉक्टरनं ताप आहे म्हटलं ते मला मान्य आहे. पण म्हणून जो येईल त्यानं दिलेली गोळी मी गिळावी का? गोळी लागू पडली का, हे कुणी विचारायचं की नाही?

मी धंद्यानं आयटी कन्सल्टंट. वीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोजेक्ट बघतोय. आमच्याकडे दर आठवड्याला प्रोजेक्टचा रिपोर्ट जातो आणि त्यात रंग असतात. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे बोंब. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, कलिंगड रिपोर्ट. बाहेरून हिरवागार, कापला की आत लाल. हे खोटं बोलून होत नाही बरं का. प्रत्येक जण आपल्याला दिलेला आकडा प्रामाणिकपणे भरतो. फक्त तो आकडाच चुकीचा निवडलेला असतो. पर्यावरणाच्या धोरणांकडे मी बघायला लागलो तेव्हा मला जागोजागी कलिंगडं दिसली. इथली, ब्रिटनमधलीच तीन-चार सांगतो.

पहिलं कलिंगड आमच्याच दारात उभं होतं. डिझेल गाडी.

२००१ मध्ये इथल्या सरकारनं गाडीवरचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडशी जोडला. किलोमीटरमागे जी गाडी कमी कार्बन सोडते, तिला कर कमी. डिझेलचं इंजिन तेवढ्याच अंतराला कमी इंधन पितं, म्हणून त्याचा आकडा छान दिसतो. परिणाम काय झाला? तोपर्यंत नव्या गाड्यांपैकी पाचातली एकही डिझेलची नसायची. दहा-बारा वर्षांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या विकल्या जाऊ लागल्या. त्यातली एक मी २०१२ मध्ये घेतली. कर इतका कमी की मीच मित्रांना फुशारकीनं सांगायचो, "आपली गाडी पर्यावरणपूरक आहे रे." दोष कोणाला देत नाही, पत्रक मीच नीट वाचलं नव्हतं. कारण डिझेल कार्बन कमी सोडत असलं, तरी नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी जास्त सोडतं. ती हवेत उंच जात नाही, शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पोरांच्या फुप्फुसात जाते. ही गोष्ट २००१ मध्ये गुपित नव्हती. पण रिपोर्टमध्ये रकाना एकच होता, कार्बनचा. तो हिरवा होता.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडकीला आली. चाचणीच्या वेळी वेगळं आणि रस्त्यावर वेगळं वागणारं सॉफ्टवेअर. आयटीवाला म्हणून माझी मान खाली गेली. मग २०१९ मध्ये लंडनच्या मध्यभागात यूलेझ आलं, २०२१ मध्ये ते वाढलं आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झालं. जुन्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. कालपर्यंत ज्या गाडीसाठी पाठ थोपटली, आज तिच्यासाठीच दंड. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, त्याला माझा विरोध नाही. पण ज्या प्लंबरनं, ज्या मिनीकॅबवाल्यानं सरकारचं ऐकून डिझेल घेतलं, त्याला पहिल्यांदा आणि सगळ्यात जास्त फटका बसला. आयटीतला माणूस गाडी बदलतो. त्याला जमलं नाही.

दुसरं कलिंगड उत्तर आयर्लंडचं. हे मी एमबीएच्या पोरांना शिकवायला सांगेन, इतकं स्वच्छ उदाहरण आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथं योजना आली की तेल-गॅस सोडा, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवा, सरकार वीस वर्षं पैसे देईल. कशाचे पैसे? जेवढी उष्णता तयार कराल तेवढ्याचे. आणि दर काय ठरला? इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त. एक पौंडाचं लाकूड जाळा, एक पौंड साठ पेन्स मिळवा. इंग्लंडमधल्या योजनेत ठरावीक वापरानंतर दर उतरत होता. उत्तर आयर्लंडच्या योजनेत ती अटच घातली नाही. मंडळी, आपल्या गल्लीतल्या कुठल्याही किराणा दुकानदारानं दोन मिनिटांत सांगितलं असतं की पुढं काय होणार. जितकं जाळाल तितकी कमाई. तिथल्या लोकांनी नाव ठेवलं, 'कॅश फॉर अ‍ॅश'. राखेचे पैसे. रिकामी शेडं तापवली जातात असे आरोप झाले. एका उद्योजिकेनं २०१३ मध्येच सरकारी खात्याला कळवलं होतं की या योजनेत इंधन वाया घालवण्यात फायदा आहे. तिचं कुणी ऐकलं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत योजना बंद झाली. वीस वर्षांत ४९ कोटी पौंड जादा जातील असा त्या वेळचा अंदाज होता. त्या वादात जानेवारी २०१७ मध्ये तिथलं सरकार पडलं आणि पुढं तीन वर्षं विधानसभेचं काम ठप्प झालं. आणि बघा, या सगळ्या काळात रिपोर्ट हिरवाच होता. 'अक्षय उष्णतेचं उद्दिष्ट' पुढंच जात होतं.

तिसरं यॉर्कशरमधलं. ड्रॅक्स वीजकेंद्र. एके काळी देशातलं सगळ्यात मोठं कोळशाचं केंद्र. आता तिथं सहापैकी चार युनिटांत लाकडाच्या गोळ्या जाळल्या जातात. लाकूड येतं मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातून. तिथं झाडं तोडायची, भुकटी करून गोळ्या बनवायच्या, जहाजात भरायच्या, अटलांटिक ओलांडायचा, रेल्वेनं यॉर्कशरला न्यायच्या आणि जाळायच्या. धुराड्यातून निघणारा कार्बन ब्रिटनच्या हिशेबात किती? शून्य. कारण आंतरराष्ट्रीय नियम असा की लाकडाचा कार्बन झाड जिथं तुटलं त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात धरायचा. युक्तिवाद असा की नवं झाड उगवलं की तो कार्बन परत शोषला जाईल. जाईलही, पण झाड वाढायला कित्येक दशकं लागतात आणि आपल्याला सांगितलं जातंय की पुढची दहा वर्षंच निर्णायक आहेत. दोन्ही वाक्यं एकाच वेळी कशी खरी असतील, हे मला लेकीनंही अजून समजावून सांगितलेलं नाही. उलट या मुद्द्यावर ती माझ्याच बाजूची आहे. या केंद्राला आजवर अब्जावधी पौंडांचं अनुदान मिळालंय. ते बरंचसं तुमच्या-माझ्या वीजबिलातून गेलंय. २०२४ मध्ये नियामकानं लाकडाच्या प्रकारांची आकडेवारी पुरेशी नीट न दिल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी पौंड भरायला लावले. मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही नियामकानं सांगितलं. म्हणजे पुन्हा तेच. लबाडी सिद्ध नाही, पण मोजमाप ढिसाळ.

आता एक तारीख लक्षात ठेवा. ३० सप्टेंबर २०२४. त्या दिवशी ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झालं. टीव्हीवर दिवसभर त्याचंच कौतुक. ज्या देशानं १८८२ मध्ये कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केलं, त्यानं कोळशाची वीज थांबवली. मलाही बरं वाटलं. त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटची शेवटची धमनभट्टी विझली. टाटांचा कारखाना. अडीच हजारांच्या आसपास नोकऱ्या जाणार होत्या. आणि त्याच महिन्यात, त्याच टाटांनी, ओडिशात कलिंगनगरला भारतातली सगळ्यात मोठी धमनभट्टी पेटवली.

गैरसमज नको. पोर्ट टॅल्बट रोज दहा लाख पौंडांच्या तोट्यात आहे असं कंपनी सांगत होती, आणि तिथं आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी येतेय. कलिंगनगर भारताच्या वाढत्या गरजेसाठी आहे. भारतानं पोलाद करू नये असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण हिशेबाकडे बघा. वेल्समधली भट्टी विझली की ब्रिटनचा आकडा खाली येतो. मग इथल्या पुलाला, इथल्या रेल्वेला जे पोलाद बाहेरून आणावं लागेल, त्याचा धूर दुसऱ्याच्या खात्यात. १९९० पासून ब्रिटनच्या भूमीवरचं उत्सर्जन निम्म्यावर आलं हे खरं आहे आणि त्यात खरी कामगिरीही आहे. पण आपण जे बाहेरून मागवतो त्याचा धूर धरला तर घट बरीच कमी दिसते. घरातला कचरा शेजारच्या अंगणात टाकला तर आपलं अंगण झाडल्याचं कौतुक किती करायचं?

आता आंदोलनांकडे येतो. इथं लेक आणि माझी खरी जुंपली.

१७ ऑक्टोबर २०१९. सकाळची वेळ. पूर्व लंडनमधलं कॅनिंग टाउन स्टेशन. एक्स्टिंक्शन रिबेलियनचे दोन जण ट्यूबच्या टपावर चढले आणि गाडी थांबवली. खाली फलाटावर कोण होतं? सकाळी सफाईला, बांधकामावर, दुकानं उघडायला निघालेले लोक. वेळेवर पोचले नाहीत तर त्या दिवसाचा पगार कापला जाणारे. त्यांनी शेवटी त्या दोघांना पाय धरून खाली ओढलं. मारहाण झाली, ती वाईटच. पण विचार करा. ही विजेवर चालणारी गाडी. मोटार न घेता सार्वजनिक वाहनानं जाणारी माणसं. हवामानासाठी आपण लोकांना जे करा म्हणतो, नेमकं तेच करणारी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संघटनेतल्या अनेकांचाच या प्रकाराला विरोध होता, तरी तो झाला.

पुढं जस्ट स्टॉप ऑइल आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप. चित्रावर काच होती म्हणून वाचलं. मग एम-२५ वर चढून रस्ता बंद. मग स्टोनहेंजवर नारिंगी पूड. एम-२५ च्या कटासाठी चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्या मला जास्तच वाटल्या आणि अपिलात कमीही झाल्या. पण माझा आक्षेप शिस्तीचा नाही, परिणामाचा आहे. त्यांची मागणी होती, तेल-वायूचे नवे परवाने देऊ नका. उत्तर समुद्रातली विहीर बंद केली म्हणून माझ्या घरातला गॅस बॉयलर बंद होत नाही. त्याला गॅस लागतोच, तो बाहेरून येतो. गरज कमी करायची तर घरं उबदार करावी लागतात, वीज स्वस्त करावी लागते. आणि इथं विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटच्या चौपट महाग आहे. हरित योजनांचे बरेचसे अधिभार वर्षानुवर्षं विजेच्याच बिलावर टाकले गेले. एका हातानं सांगायचं हीट पंप लावा, दुसऱ्या हातानं वीज महाग करायची. यासाठी कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही. अधिभार या शब्दावर घोषणा जुळत नसावी.

आणि २०२० मधली ग्रीन होम्स ग्रँट? सहा लाख घरांना भिंती-छप्परांसाठी मदत मिळणार होती. सहा महिन्यांत योजना गुंडाळली. पोचली जेमतेम ४७,५०० घरांपर्यंत. कामगार प्रशिक्षित करायला वेळच दिला नव्हता. आमच्या धंद्यात याला म्हणतात, लॉन्चची तारीख आधी, प्रोजेक्ट नंतर.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग लेकीनं दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली. "बाबा, कोळसा बंद झाला म्हणून तुम्हाला बरं वाटलं ना? तो कशामुळे बंद झाला?" मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं की २०१३ पासून कार्बनवर लावलेल्या किमतीमुळे. कोळसा महाग पडायला लागला. आणि पवनऊर्जेच्या लिलावामुळे, ज्यात दर स्पर्धेतून खाली आले. रटाळ, कंटाळवाणी, हिशेबाची साधनं. सूप नव्हे. २०१२ मध्ये देशाची जवळजवळ चाळीस टक्के वीज कोळशाची होती, बारा वर्षांत शून्य. ती म्हणाली, "आणि या साधनांमागचा कायदा कुठून आला?" २००८ चा क्लायमेट चेंज अ‍ॅक्ट. त्यामागं २००५ पासून फ्रेंड्स ऑफ द अर्थनं चालवलेली मोहीम होती. लोकांनी आपापल्या खासदारांना पत्रं लिहिली, भेटले, मागं लागले. मी तपासलं. खरं निघालं. म्हणजे आंदोलनानं काही होत नाही हे माझं वाक्य मला मागं घ्यावं लागलं. आता मी असं म्हणतो. ज्या आंदोलनाच्या हातात कायद्याचा मसुदा असतो, त्याचा उपयोग होतो. ज्याच्या हातात फक्त सूपचा डबा असतो, त्याची बातमी होते.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ती म्हणाली, "आजीच्या घरात पाणी आलं होतं, ते विसरलात?"

विसरेन कसा? आमचं घर सांगलीत गावभागात. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. मी इथं ऑफिसात बसून फोनवर फोन लावत होतो. भावानं आईला आदल्या रात्रीच मिरजेला मावशीकडे हलवलं होतं. खालच्या मजल्यावर छातीभर पाणी. वडिलांची पुस्तकं, आईचं शिवणयंत्र, सगळं गेलं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. गाळानं माखलेला देव्हारा तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिला. मला तेव्हा कळलं नाही, पण तिच्या पर्यावरण गटाची सुरुवात बहुधा तिथं झाली.

हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे सात टक्के. त्यामुळे मोठा पाऊस आणखी मोठा होतो. हे मला मान्य आहे. पण सांगलीचा पूर फक्त आभाळातून आलेला नाही. २००५ ला पूर आला होता. निळी रेषा, लाल रेषा नकाशावर आहेत. त्या रेषांच्या आत घरं, दुकानं, अपार्टमेंट बांधली गेली. ओढे-नाले बुजवले गेले. धरणांतून कधी किती पाणी सोडायचं, कोयनेचं आणि अलमट्टीचं वेळापत्रक कसं जुळवायचं, यावर दर पावसाळ्यात दोन राज्यांत वाद. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. समजा ब्रिटननं उद्या सकाळी सगळा कार्बन बंद केला, तरी पुढच्या ऑगस्टमध्ये माझ्या आईच्या उंबऱ्याला त्याचा उपयोग नाही. तिला लागतो तो बुजवलेला नाला मोकळा, वेळेवर इशारा आणि वरच्या मजल्यावर जिना चढता येईल असा कठडा.

हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्या देशातच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेही भयंकर. तोवर निवारे बांधले होते, इशाऱ्याची यंत्रणा होती, दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले. मृत्यू पन्नासच्या आत. वादळ थांबवता आलं नाही, मरण थांबवता आलं. या कामाला ना घोषणा लागते ना विमानबंदी. माझी तक्रार आहे ती ही. आपलं सगळं लक्ष, सगळा राग, सगळी पुण्याई २०५० च्या आकड्यावर खर्च होते. नाल्याकडे बघायला कुणी उरत नाही.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पटलं. मग तुमचा रिपोर्ट दाखवा."

"कसला रिपोर्ट?"

तिनं माझं कामाचं कॅलेंडर उघडलं. गेल्या वर्षी मी नऊ वेळा विमानानं फ्रँकफर्ट आणि झुरिकला गेलो होतो. त्यातल्या सहा खेपा एका दिवसाच्या मीटिंगसाठी. शिवाय अर्ध्या वर्षात सुट्टी म्हणून चार दिवस स्पेन. "बाबा, आजीकडे मी दोन वर्षांत एकदा जाते. तुम्ही नऊ वेळा पॉवरपॉइंट दाखवायला गेलात. कुणाचं कलिंगड?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही बसलो आणि तह केला. लेक डिसेंबरात सांगलीला येतेय. पण पंधरा दिवसांसाठी नाही. तिची सुट्टी पुढं-मागं करून, अभ्यासाची पुस्तकं घेऊन, पाच आठवडे आजीकडे राहणार. माझ्या एका दिवसाच्या मीटिंगा यापुढं कॅमेऱ्यावर. तसं मी क्लायंटला कळवलं. दोघे कुरकुरले, बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटलं. स्पेन रद्द. त्या पैशांत छपराखालचं इन्सुलेशन करून घेतलं. थंडीचं बिल आलं की कळेल किती फरक पडला. आकडा आला की मी सांगेन, चांगला असो वा वाईट.

तिचं समाधान पूर्ण झालेलं नाही. तिला अजून वाटतं, मी सुटायला जागा शोधतोय. मला अजून वाटतं, तिच्या गटानं बॅनर रंगवण्यापेक्षा कौन्सिलकडे जाऊन शाळेच्या गळक्या खिडक्यांचा प्रश्न लावून धरावा. वाद चालू आहे. जेवणं मात्र पुन्हा एकत्र होतात.

तुमच्या घरातही हे होत असेल. नसेल तर होईल. आपली पोरं इथल्या शाळांत आहेत. त्यांना "हे सगळं थोतांड आहे" असं म्हणू नका. ते खरं नाही, आणि त्यांना ते माहीत आहे. पण कुठलीही योजना, कुठलाही मोर्चा समोर आला की त्यांच्याबरोबर बसून चार प्रश्न विचारा. नेमकं काय मोजताहेत? जे मोजत नाहीत ते कुठं जातंय? पैसे कोण भरतंय, आणि त्याला ते परवडतात का? आणि पाच वर्षांनी कोण तपासणार? उत्तरं मिळाली तर खुशाल सही करा, मोर्च्यात जा, मीही येतो. नाही मिळाली तर कलिंगड कापून बघा.

आणि हो, हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारा. पोरं विचारायच्या आत. अनुभवानं सांगतो.

परवा आईला फोन केला, सांगितलं, नात येतेय, पाच आठवडे राहणार आहे. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग तिला म्हणावं, येताना जाड स्वेटर आणू नकोस, इथं आता डिसेंबरातसुद्धा पूर्वीसारखी थंडी नसते." फोन स्पीकरवर होता. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.